पेनांगहून आणलेला शब्द

मंगळवार, २ जुलै. बालिगे, सुमात्रा

परवा चर्चला निघताना यांच्या शर्टाचं वरचं बटण लागेना. "धुऊन आटलाय," म्हणाले. आटायला काय झालंय त्याला? शर्ट मी धुते, मला माहीत आहे. खिडकीपाशी उभं केलं, मान वर करायला लावली, तर गळ्याच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. कधीपासून आहे, तर म्हणे, "असेल ईस्टरपासून." म्हणजे ईस्टरपासून हा माणूस गळ्यात गाठ घेऊन चर्चमध्ये गातोय आणि घरात कुणाला पत्ता नाही!

आज ओढत आरोग्य केंद्रात नेलं. तिथला डॉक्टर म्हणजे आमच्या मुलापेक्षा, पारलिनपेक्षाही लहान पोरगा. त्याने दोन बोटांनी गाठ चाचपली, यांना आवंढा गिळायला लावला आणि मला म्हणाला, "साधी वाटतेय, मावशी. पण खात्री करून घेऊ." सरकारी विम्याचं कार्ड दाखवलं, त्याने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, सगळं फुकट. आता दोन बोटांनी काय डोंबल कळतं? जन्मभर गणित शिकवलंय मी. पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला गुण दिले नाहीत कधी.

हे मात्र एकदम खूश. "साधी म्हणाला ना? चल, कॉफी पिऊ."

मंगळवार, ९ जुलै

मोठ्या इस्पितळात अख्खी सकाळ बाकावर गेली. नंबर लागला तर सोनोग्राफीचं मशीन बंद, पुढच्या महिन्यात या. मी म्हटलं, "गाठीला सांगते, पुढच्या महिन्यापर्यंत थांब म्हणून." डॉक्टरीणबाई बिचारी हसली. तिच्या दाराबाहेर जत्रा भरावी तशी माणसं होती, तिने तरी काय करायचं? पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

धाकट्या भावाला रॉटरडॅमला फोन लावला. बिन्सार तिकडे इस्पितळात नर्स आहे. म्हटलं, तुमच्याकडे सगळं कसं शिस्तीत असेल. तर तोच सुरू झाला. "ताई, इथे काय सोनं लागलंय? आधी घरचा डॉक्टर. तो म्हणणार गोळी घ्या, पाणी प्या, दोन आठवड्यांनी कळवा. त्याच्या मनात आलं तर मोठा डॉक्टर, तोही पावसाळा उलटल्यावर. मी माझा गुडघा कुठे दाखवला, आठव." आठवलं. नाताळात आला होता तेव्हा इथल्या मेदान शहरात जाऊन एका दिवसात गुडघा, दात, डोळे, सगळं उरकून गेला. हॉलंडचा नर्स आमच्याकडे येतो, मग आम्ही कुठे जायचं?

त्याचं उत्तर शेजारच्या वहिनींकडे तयारच होतं. "पेनांगला! इकडे विमानात पट्टा बांधला की तिकडे सोडायचाच. आमच्या ह्यांचं हृदय तिथेच उघडलं." त्यांचं ऐकलं की वाटतं, आमच्या अर्ध्या सुमात्राचं कुणी ना कुणी पेनांगला आतून बघितलंय.

सोमवार, १५ जुलै. पेनांग, मलेशिया

पोचलो. इस्पितळामागच्या गल्लीत उतरलोय. घरमालकीण स्यू-चू आंटी, चिनी, साठीची, काटक, तोंडाची फटकळ. माझं तिच्याशी लगेच जमलं. सगळ्या खोल्यांत आमचीच माणसं. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी बसली की मेदानमध्ये असल्यासारखं वाटतं.

भाषेची अडचण नाही. मलय म्हणजे आमचीच भाषा, जरा वाकडी करून बोललेली. मला सगळं कळतं. यांना नाही कळलं तर मी सांगते.

आंटी विनयशील आहे हो पण. खोली दाखवताना म्हणाली, "सकाळचा चहा पर्चुमा." आमच्याकडे पर्चुमा म्हणजे व्यर्थ, कुचकामी. इतकं कुणी स्वतःच्या चहाबद्दल बोलतं का? प्यायले तर चहा फक्कड होता. मी तिला म्हटलं, "अहो, पर्चुमा मुळीच नाही!" ती जरा चपापली आणि म्हणाली, "पर्चुमाच आहे, खरंच." किती तो विनय.

मंगळवार, १६ जुलै

डॉक्टर भेटले. मी हरखून गेले, लिहूनच ठेवते. माणूस खुर्चीवर टेकला आणि टेकूनच राहिला. कागदावर गळ्याचं चित्र काढलं, गाठ कुठे ते दाखवलं, काय विचारायचंय ते विचारा म्हणाला. मी वीस प्रश्न नेले होते, ते संपल्यावर तोच म्हणाला, "आणखी?" आमच्याकडे 'आणखी' म्हणतात ते बाहेरच्या पेशंटला.

लगेच सोनोग्राफी, लगेच सुईने गाठीचा नमुना. यांनी सुईच्या वेळी माझा हात असा दाबला की अंगठी रुतली. शुक्रवारी उत्तर. जोडप्याचं पॅकेज होतं म्हणून माझीही तपासणी त्यातच होती, तर रक्त आणि डोळे तपासून घेतले. आलोच आहोत तर.

येताना बिस्किटं घ्यायला थांबलो. दुकानात पाटी, 'दोन पुडे घ्या, तिसरा पर्चुमा.' मी यांना म्हटलं, "बघा, कुठला व्यापारी एवढं खरं सांगतो? दोन चांगले, तिसरा टाकाऊ!" दोनच घेतले. दुकानदार तिसरा हातात कोंबायला लागला तेव्हा मी त्याला चांगलंच सुनावलं.

बुधवार, १७ जुलै

आज आंटीची मिरवणूक सरकारी इस्पितळात होती, साखरेच्या गोळ्या आणायला. उजाडायच्या आधी गेली, दुपारी आली. मी म्हटलं, "अहो, मागच्याच गल्लीत एवढं झकास इस्पितळ सोडून?"

"ते तुमच्यासाठी आहे ताई, आमच्यासाठी नाही," ती चप्पल भिरकावत म्हणाली. "मला ते परवडतं होय? सरकारी इस्पितळात जवळजवळ फुकट होतं. मात्र बसून बसून बूड सपाट. डॉक्टर चांगले, पण पोरं सगळी दमलेली."

"अगदी आमच्यासारखंच की!"

"मग? आणि माझा दीर सिंगापूरला असतो, जगातलं सगळ्यात भारी इस्पितळ त्याच्या दारात. दात काढायला इथे येतो. म्हणतो तिथे दाताच्या भावात गाडी येते."

आम्ही दोघी हसून हसून बेजार. हॉलंडवाला मेदानला, मेदानवाले पेनांगला, सिंगापूरवाला पेनांगला, आणि पेनांगची बाई सरकारी बाकावर. जो तो दुसऱ्याच्या दारात उभा. हे म्हणाले, "मग चंद्रावरचा कुठे जात असेल?"

शुक्रवार, १९ जुलै

काय लिहू.

मला डोळ्यांच्या डॉक्टरने बसवून ठेवलं होतं. तेवढ्यात यांना आत बोलावून घेतलं आणि मी धावत येईपर्यंत हे बाहेरसुद्धा आले, हसत. "साधी गाठ आहे गं. काही करायचं नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणाले." आणि निघाले केळ्याची भजी शोधायला.

मला कुठे चैन पडणार? गेले काउंटरवर. डोक्याला रुमाल बांधलेली गोड पोरगी होती. तिने फाइल बघितली आणि म्हणाली, "ऑपरेशन नाही करायचं, मावशी. सहा महिन्यांनी तपासणी आहे. ती पर्चुमा."

मी कसंबसं म्हटलं, "पर्चुमा?"

"हो, पूर्ण पर्चुमा!" आणि हसली हो ती! "काळजी करू नका. आमच्याकडे सगळ्यांना असंच सांगतो."

सगळ्यांना! असं हसत! कॉफी देतात, खुर्चीला गादी लावतात आणि माणूस जाणार हे सांगताना दात दाखवतात. मी खांबामागे जाऊन रडून घेतलं. हातात माझे स्वतःचे रिपोर्ट होते, त्यांत साखर वाढलीय असं तो डोळेवाला म्हणाला होता. ते घडी करून पिशवीच्या तळाशी घातले. यांना कळलं तर माझ्या गोड खाण्यावरून चिडवत बसतील, आणि आता माझ्या साखरेचं कुणाला काय पडलंय? वळून बघते तर हे भजी घेऊन मागे उभे, माझ्या तोंडाकडे टक लावून.

"काय झालं?" म्हणाले.

"काही नाही. डोळ्यांत औषध घातलंय."

शनिवार, २० जुलै

पायऱ्या मांडून बघितल्या. एक, ऑपरेशन नाही. म्हणजे करून उपयोग नाही. दोन, पुढची तपासणी व्यर्थ. म्हणजे सहा महिने निघणार नाहीत. तीन, यांना डॉक्टरने एकट्याला आत घेतलं. चार, हे हसत बाहेर आले. यांना साधा ताप आला तरी मृत्युपत्राच्या गोष्टी करतात, मग एवढं हसू कुठून आलं? माझ्यासाठी. सगळ्या पायऱ्या एकाच उत्तराला येतात.

फाइल उघडून बघितली. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. यांचं नाव आणि वय तेवढं वाचता आलं. मोबाइलवर शब्द शोधायचा धीर झाला नाही. आंटीला विचारावं असं मनात आलं, पण तोंडातून शब्द फुटला की खरं होईल अशी भीती वाटते.

हे नाटक करतायत तर मीही करीन.

मंगळवार, २३ जुलै. बालिगे

घरी आल्यावर मी यांना दुपारी म्हटलं, "जा ना ताडीच्या दुकानात. तुमचे दोस्त वाट बघत असतील." यांच्या हातातला चमचा तिथेच थांबला. लग्न झाल्यापासून त्या दुकानाचं नाव काढलं की मी भांडी आपटते.

संध्याकाळी मी स्वतः गेले यांच्याबरोबर. बाकावर बसले, माझ्या हाताने पेला भरून दिला आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "गा. मोठ्याने गा. मला तुमचा आवाज आवडतो, पहिल्यापासून आवडतो." खरंच आवडतो. त्या आवाजासाठीच मी बापाशी भांडून हे लग्न केलं, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं. एक जण म्हणाला, "वहिनींना ऊन लागलं का हो?"

यांनी पेला तसाच ठेवला. एक घोट नाही. डोळे भरून आले होते. बिचाऱ्यांना कळलं असेल, की मला कळलंय.

शुक्रवार, २६ जुलै

हल्ली फार गुणी झालेत हे. सकाळी उठून भात टाकतात. काल माझे पाय चेपून दिले. मला बादली उचलू देत नाहीत. निघायची वेळ जवळ आली की माणूस असा मऊ होतो म्हणतात. मी पाठ फिरवून रडते, आणि मागून यांचं नाक ओढल्याचा आवाज येतो.

काल हे परसात जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत होते. मी गेल्यावर फोन खिशात.

आज मी जाकार्ताला पारलिनला सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, "आई, मी पुढच्या शनिवारी येतो. बोनारमामालाही सांगतो." तासाभरात बातामहून लेकीचा, लास्माचा फोन. ती आधीच रडत होती. म्हणते, "आई, तुला मला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "बाबांबद्दल?" तर म्हणाली, "बाबांबद्दल नाही गं आई..." आणि हुंदकाच आवरेना तिला. भावाने सांगितलं असणार. पोरीचा बापावर जीव आहे. मी म्हटलं, "ये लवकर." ती म्हणाली, "तिकीट कालच काढलंय." काल? पारलिनशी मी आज बोलले. असो, लेकीला आधीच जाणवतं.

रविवार, ४ ऑगस्ट

आता लिहिते. हसू, रडू आणि राग एकदम आला तर माणसाने लिहावं तरी कसं?

आज चर्च सुटल्यावर माझं अख्खं माहेर आलं. थोरला बोनार दादा, वहिनी, चुलते, त्यांची पोरं. हळदीत शिजवलेला मोठा मासा परातीत आडवा, आणि दादाच्या खांद्यावर घडी घातलेला उलोस. आमच्याकडे कुणाचा जीव नाजूक झाला की माहेरचा माणूस हे विणलेलं वस्त्र त्याच्या खांद्यांवर घालतो, जीव आत टिकून राहावा म्हणून. सगळे चटईवर बसले. दादाने घसा साफ करून प्रार्थना केली, चांगली लांबलचक, आणि उलोस उलगडून उभा राहिला.

"या," म्हणाला.

पारलिनने बापाच्या पाठीला हात लावून पुढे केलं. त्याच क्षणी लास्माने मला पुढे ढकललं.

दादा दोन्ही हातांत उलोस धरून या खांद्याकडे बघतो, त्या खांद्याकडे बघतो. "अरे, आजारी कोण आहे ते तरी आधी ठरवा!"

"बाबा," पारलिन म्हणाला.

"आई," लास्मा म्हणाली.

"ही," हे म्हणाले, माझ्याकडे बोट दाखवून.

"मी? मला काय धाड भरलीय? तुम्हीच ना!"

"मला? अगं, मला साधी गाठ आहे! तीन वेळा सांगितलं तुला!"

"सांगितलंत ते माझ्या समाधानासाठी! मला काउंटरवरच्या पोरीने खरं सांगितलंय!" आणि मग भरल्या चटईवर सगळं बाहेर पडलं माझ्या तोंडून. ऑपरेशन नाही, सहा महिन्यांची तपासणी पर्चुमा, आणि वर ती हसली.

लास्माने माझा दंड धरला. "कुठला शब्द म्हणाली ती? नीट सांग."

"पर्चुमा. दोनदा म्हणाली. पूर्ण पर्चुमा."

"आई!" पोरीचा आवाज चिरकला. तिच्या कारखान्यातल्या अर्ध्या मुली पलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरच्या आहेत, तिला ती भाषा रोज कानावर. "आई गं! त्यांच्यात पर्चुमा म्हणजे फुकट! सहा महिन्यांनी ये, पैसे पडणार नाहीत, एवढंच सांगितलं तिने तुला!"

पारलिनने फाइल उघडून मोठ्याने वाचली. निरुपद्रवी गाठ, काही करायची गरज नाही. मग वहिनीला पहिलं फस्सकन हसू फुटलं आणि मग काय, चुलते लोळायला लागले, दादाने उलोसात तोंड खुपसलं. एकटे हे हसत नव्हते.

"आणि तिचे कागद?" हे म्हणाले. "मी बघितलंय. खांबामागे रडत होती आणि कागद लपवले. मग मला ताडी पाजायला लागली! माझा आवाज आवडतो म्हणाली! जिवावर बेतल्याशिवाय ही बाई असं बोलेल का?"

मी आत गेले, तांदळाच्या पिंपामागून माझे रिपोर्ट काढले आणि लास्माच्या हातात आपटले. तिने वाचले. "साखर जरा वाढलीय. गोड कमी करा. नवीन चष्मा."

"साखर?" हे म्हणाले. "एवढंच?"

आणि मटकन चटईवर बसले. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखे, ढसाढसा. एवढे दिवस हा माणूस पहाटे उठून भात टाकत होता तो मला वाचवायला. मीही जाऊन बसले त्यांच्या शेजारी. रडले. लाज कसली?

"आता याचं काय करू?" दादाने विचारलं. "उलगडलेला उलोस घडी करून परत नेत नाहीत." वहिनी म्हणाली, "घाला की दोघांवर." मग एकाच उलोसात दोघांना गुंडाळलं, लग्नात गुंडाळलं होतं तसं. तेव्हा पोटं नव्हती, आता वस्त्र ओढूनताणून आणावं लागलं. सगळे माशावर तुटून पडले. कुणीतरी म्हणत होतं, आरोग्य केंद्रातल्या त्या पोरग्यालाही ताट पाठवा, त्याने दोन बोटांत ओळखलं होतं. पाठवा म्हटलं. त्याला पूर्ण गुण.

आत, उलोसाखाली, यांनी हळूच सांगितलं. "रोज प्रार्थना करत होतो. म्हणत होतो, देवा, माझी बायको कधी चुकत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण तिने जे काही ऐकलंय ना, ते एवढं एकदा चुकीचं निघू दे."

मग म्हटलं, "चुकले हो मी."

त्यांनी कान माझ्या तोंडाशी आणला.

"परत म्हण," म्हणाले.